मिनी लिबसी अपडेट: प्रिंटएफ रुळावर, पुढे स्ट्रटोल

तर मंडळी, आपल्या मिनी लिबसीतल्या, म्हणजे सी भाषेच्या छोट्या स्टँडर्ड लायब्ररीतल्या, प्रिंटएफचा (मजकूर आणि आकडे छापणारं फंक्शन) इंटिजरवाला भाग आता सी९९ (सी स्टँडर्डची १९९९ ची आवृत्ती) प्रमाणे चालायला लागलाय. हॅलो वर्ल्ड छापण्यापुरता प्रिंटएफ पटकन होतो, पण स्टँडर्ड उघडून एकेक वाक्य तपासायला बसलं की खरं काम कळतं. म्हणजे बघा, प्रिसिजन (कमीत कमी किती अंक छापायचे) शून्य आणि व्हॅल्यूपण शून्य असेल तर परसेंट डीने (दशमान पूर्णांक छापायची खूण) एकही अक्षर छापायचं नाही, पण तिथेच ऑक्टल असेल आणि हॅश फ्लॅग लावला असेल तर एक शून्य छापलंच पाहिजे, आणि हेक्सला हॅश लावला तरी व्हॅल्यू शून्य असताना पुढे झिरो-एक्स येत नाही. एसएनप्रिंटएफने (प्रिंटएफचंच भावंड, पण दिलेल्या बफरमध्ये म्हणजे मेमरीतल्या जागेत लिहिणारं) बफरमध्ये किती मावलं ते नाही सांगायचं, जागा पुरली असती तर किती अक्षरं झाली असती ते सांगायचं, शेवटचा नल (स्ट्रिंग संपल्याची खूण) न मोजता. त्यामुळे नल पॉइंटर आणि साइझ शून्य देऊन आधी लांबी काढता येते, मग तेवढीच मेमरी मॅलॉकने मागायची. मला ही फार सुंदर सोय वाटते.

दुसरं मोठं काम नावांचं. बाइट्स बाहेर लिहिणारं राइट हे फंक्शन स्टँडर्ड सीचं नाहीच, ते पॉझिक्सचं (युनिक्ससारख्या सिस्टिम्सचं स्टँडर्ड), त्यामुळे कुणी स्वतःच्या प्रोग्रॅममध्ये राइट नावाचं फंक्शन लिहिलं तर ते पूर्ण नियमात बसतं, आणि आपला प्रिंटएफ आतून राइटला कॉल करत असेल तर लिंकर (तुकडे जोडून प्रोग्रॅम बनवणारं टूल) त्यांचंच राइट जोडून देणार आणि आउटपुट भलतीकडेच जाणार. म्हणून आतले सगळे कॉल आता डबल अंडरस्कोरवाल्या नावांना जातात, ती नावं आपल्यासाठी राखीवच आहेत, आणि बाहेर दिसणारं राइट फक्त वीक एलियस, म्हणजे असं दुसरं नाव जे प्रोग्रॅममध्ये त्याच नावाचं फंक्शन असेल तर बाजूला होतं. मसल या दुसऱ्या सी लायब्ररीच्या सोर्समध्ये असे एलियस जागोजागी दिसतात, जरूर वाचा.

जीसीसी कंपायलर वापरणाऱ्यांनो, मेमसेट (मेमरीत एकच बाइट भरत जाणारं फंक्शन) साध्या लूपने लिहिलं असेल तर ऑप्टिमायझर तो लूप ओळखून तिथे मेमसेटचाच कॉल टाकू शकतो, मग फंक्शन स्वतःलाच बोलवत बसतं. जीसीसीचा ट्री-लूप-डिस्ट्रिब्यूट-पॅटर्न्स हा ऑप्शन त्या फाइलपुरता बंद ठेवा.

आता स्ट्रटोल, म्हणजे स्ट्रिंगमधून पूर्णांक काढणारं फंक्शन. सी२३ (सी स्टँडर्डची नवी आवृत्ती) मध्ये बेस (अंकपद्धतीचा पाया; शून्य म्हणजे प्रीफिक्स बघून ठरव) शून्य किंवा दोन असेल तर झिरो-बी प्रीफिक्सपण चालतो, म्हणजे "झिरो-बी-१०१" ला बेस शून्य दिला तर आधी शून्य यायचं आणि एंड पॉइंटर (वाचन कुठे थांबलं ते सांगणारा) बीवर थांबायचा, आता पाच येणार. जुना कोड मोडायला नको म्हणून आत दोन वेगळी फंक्शन्स ठेवतोय आणि कुठलं घ्यायचं ते हेडर स्टँडर्ड व्हर्जन बघून ठरवेल, जीलिबसी (लिनक्सवरची नेहमीची सी लायब्ररी) २.३८ नेपण असंच केलंय.