हानलेच्या अंधारात धूमकेतू आणि धूळमेघ : दिवाळीच्या आठवड्यातील छायाचित्रण-प्रवास

२०२४ च्या ऑक्टोबरमध्ये त्सुचिनशान-ॲटलास धूमकेतू संध्याकाळच्या आकाशात आला, तेव्हा महाराष्ट्रावर परतीच्या पावसाचे ढग होते आणि ते पांगेपर्यंत कोजागरीचा चंद्र भरात आला होता. १२ ऑक्टोबरला पृथ्वीपासून सुमारे सात कोटी किलोमीटर अंतरावरून गेलेला हा धूमकेतू महिनाअखेरीस सहाव्या प्रतीच्या (प्रत म्हणजे तेजाचे माप; आकडा जितका मोठा तितके तेज कमी) आसपास मंदावणार, हे माहीत असूनही आम्ही प्रवासासाठी दिवाळीचाच आठवडा निवडला. लक्ष्मीपूजन १ नोव्हेंबरला होते, म्हणजे त्याआधीच्या रात्री जवळजवळ चंद्रविरहित होत्या. आणि धुळीच्या शेपटीचा मंद विस्तार टिपायचा असेल तर चांदण्यातल्या ठळक धूमकेतूपेक्षा काळ्या आकाशातला मंद धूमकेतू अधिक काही देतो, असे माझे ठाम मत आहे. ठिकाण ठरले लडाखमधील हानले.

इतक्या दूर जाऊन नेमके काय टिपायचे, याचा निर्णय घरीच व्हायला हवा. रोझेट किंवा कॅलिफोर्निया यांसारखे उत्सर्जन तेजोमेघ हायड्रोजनच्या ६५६.३ नॅनोमीटरच्या लाल रेषेत प्रकाशतात. प्रकाशाचे दोनच अरुंद पट्टे आत सोडणारा दुहेरी पट्ट्याचा फिल्टर लावला तर ते पुण्याच्या गच्चीवरूनही समाधानकारक टिपता येतात, कारण शहरी दिव्यांचा बहुतेक प्रकाश त्या अरुंद पट्ट्यांच्या बाहेर पडतो. परावर्तन तेजोमेघांची गोष्ट वेगळी आहे. ते जवळच्या ताऱ्याचा प्रकाश विखुरतात, त्यामुळे त्यांचा वर्णपट सलग असतो आणि रस्त्यावरच्या दिव्यांपासून तो वेगळा काढणारा फिल्टर अस्तित्वात नाही. धूमकेतूची धुळीची शेपटीही सूर्यप्रकाशच परावर्तित करत असल्यामुळे तिलाही हेच लागू होते. म्हणून अंधाऱ्या ठिकाणच्या रात्री अशा गोष्टींसाठी राखाव्यात, ज्यांना अंधाराला पर्यायच नाही. आमच्या यादीत धूमकेतूखेरीज दोनच लक्ष्ये होती : राजन्य ताऱ्याच्या प्रकाशाने निळसर उजळलेला आयसी २११८, म्हणजे विच हेड तेजोमेघ, आणि कृत्तिकांभोवतीची धूळ.

हानले गाव सुमारे ४,३०० मीटर उंचीवर आहे. शेजारच्या टेकडीवर ४,५०० मीटर उंचीवर भारतीय खगोलभौतिकी संस्थेची वेधशाळा असून दोन मीटर व्यासाची हिमालयन चंद्र दुर्बीण तिथे आहे. २०२२ च्या डिसेंबरमध्ये या परिसरातील सुमारे १,०७३ चौरस किलोमीटर क्षेत्र डार्क स्काय रिझर्व्ह, म्हणजे अंधाऱ्या आकाशाचे राखीव क्षेत्र, म्हणून अधिसूचित झाले. गावातल्या काही तरुण-तरुणींना खगोलदूत म्हणून प्रशिक्षण व दुर्बिणी दिल्या आहेत. मुक्काम शक्यतो त्यांच्याच घरी करावा. वारा कोणत्या बाजूने येतो आणि आडोसा कुठे मिळतो हे त्यांना पक्के ठाऊक असते, शिवाय रात्री उशिरा अंगणातला दिवा कोणी लावणार नाही याची खात्री राहते. आपणही खोलीचे पडदे ओढून घ्यावेत, लाल प्रकाशाचीच विजेरी वापरावी, गाडी रात्री हलवू नये आणि हिरवा लेसर घरीच ठेवावा.

लेह ते हानले हे अंतर उपशी, चुमाथांग, माहे, न्योमा या मार्गाने अडीचशे किलोमीटरहून थोडे अधिक आहे आणि त्याला पूर्ण दिवस द्यावा. त्याआधी लेहमध्ये, म्हणजे सुमारे ३,५०० मीटरवर, किमान दोन रात्री विश्रांती घेतल्याशिवाय पुढे जाऊ नये. विरळ हवेची औषधे डॉक्टरांना विचारूनच घ्यावीत, आणि डोकेदुखीबरोबर उलटी किंवा तोल जाणे सुरू झाले तर आकाश कितीही स्वच्छ असो, त्याच वेळी खाली उतरावे. सीमावर्ती भाग असल्यामुळे इनर लाइन परवाना लागतो. इंधन लेहमध्येच पूर्ण भरावे. महाराष्ट्रातले प्रीपेड सिमकार्ड लडाखमध्ये चालत नाही, त्यामुळे पोस्टपेड जोडणी बरोबर ठेवावी आणि तारानकाशे आधीच उतरवून घ्यावेत.

त्या आठवड्यात धूमकेतू भुजंगधारी तारकासमूहात होता. पूर्ण अंधार होताना, म्हणजे पावणेसातच्या सुमारास, तो पश्चिम-नैर्ऋत्येला सुमारे ३५ अंशांवर असे आणि त्यानंतर साधारण तीन तासांनी मावळे. यातला पहिला दीड तासच खऱ्या उपयोगाचा, कारण नंतर तो क्षितिजाजवळच्या जाड हवेत शिरतो. आमच्याकडे २५० मिलिमीटर नाभीय अंतराची छोटी अपवर्तक दुर्बीण आणि ३.७६ मायक्रॉन पिक्सेलचा रंगीत कॅमेरा होता. या जोडीत एक पिक्सेल सुमारे ३.१ विकलांचा (विकला म्हणजे अंशाचा ३,६०० वा भाग) होतो. धूमकेतू ताऱ्यांच्या तुलनेत दिवसाला साधारण एक अंश, म्हणजे मिनिटाला अडीच विकला सरकत होता. म्हणून एक मिनिटाचे एक्स्पोजर ठेवले, की डोके पुसट होत नाही. शेपटी सूर्याच्या विरुद्ध दिशेला, वर आणि डावीकडे पसरलेली होती. तिला जागा मिळावी यासाठी डोके चौकटीच्या मध्यभागी न ठेवता खालच्या उजव्या कोपऱ्याकडे ठेवावे.

मध्यरात्रीनंतरचा काळ धूळमेघांचा. कृत्तिका दीडच्या सुमारास जवळजवळ डोक्यावर येतात, तर विच हेड पावणेतीनला दक्षिणेस ५० अंशांवर. इथल्या आकाशाची पार्श्वभूमी दर चौरस विकलेला २२ व्या प्रतीच्या आसपास असते. शहरातील १८ व्या प्रतीच्या आकाशापेक्षा ती सुमारे चाळीस पट मंद आहे. त्यामुळे शहरात अर्ध्या मिनिटात पांढरी पडणारी चौकट इथे तीन ते पाच मिनिटे उघडी ठेवता येते, किंबहुना ठेवावीच लागते, अन्यथा कॅमेऱ्याचा स्वतःचा गोंगाट धुळीवर मात करतो. पहिल्याच कच्च्या चौकटीत विच हेडची कडा ओळखू आली, तो आनंद शब्दांत सांगणे कठीण आहे. मात्र हे आकाशही पूर्ण काळे नसते. वातावरणाची स्वतःची हिरवट-लाल दीप्ती आणि पहाटे पूर्वेला चढणारा राशिप्रकाश (सूर्याभोवतीच्या धुळीने परावर्तित केलेला मंद उजेड) दोन्ही चौकटीत उतरतात, म्हणून लक्ष्य आकाशाची उत्तर-दक्षिण मध्यरेषा ओलांडून फार पुढे जाण्याआधी काम आटोपावे.

उपकरणांबाबत सर्वांत महत्त्वाची गोष्ट ध्रुवाची. पुण्यात ध्रुवतारा साडेअठरा अंशांवर असतो, हानलेला जवळजवळ ३३ अंशांवर; त्यामुळे दुर्बीण ताऱ्यांबरोबर फिरवणाऱ्या, ध्रुवाकडे रोखलेल्या माउंटचा अक्षांश-स्क्रू तेवढा फिरतो का आणि तोल राहतो का, हे निघण्यापूर्वी तपासावे. ऑक्टोबरअखेर रात्रीचे तापमान शून्याच्या बरेच खाली जाते. लिथियम बॅटरीची क्षमता थंडीत घटते, म्हणून ती लोकरीत गुंडाळून पेटीत ठेवावी आणि गोठलेल्या अवस्थेत कधीही चार्ज करू नये. विमानात पॉवर बँक केवळ हातातल्या सामानात नेता येते आणि १०० वॉट-तासांपेक्षा मोठीला विमान कंपनीची परवानगी लागते. तापमान उतरत असताना नळी आकसते व फोकस सरकतो. पहिल्या दोन तासांत तो वारंवार तपासावा. दव इथे क्वचितच त्रास देते. खरा शत्रू वारा आहे, म्हणून तिपाईचे पाय पूर्ण लांब करू नयेत.

एवढा प्रवास ज्यांना शक्य नाही, त्यांनी २०२४ च्या जानेवारीत भारतातील पहिले डार्क स्काय पार्क ठरलेल्या पेंच व्याघ्र प्रकल्पाचा विचार करावा. हिवाळ्यातल्या अमावास्येला तिथे कृत्तिकांची धूळ नक्की प्रयत्न करण्याजोगी आहे.

धूमकेतूच्या चौकटींवर परतल्यावर दोनदा काम करावे लागते : एकदा ताऱ्यांवर जुळवून, एकदा धूमकेतूच्या डोक्यावर जुळवून, आणि मग दोन्ही चित्रे एकत्र आणून. सिरिल हे मोफत सॉफ्टवेअर यासाठी पुरेसे आहे. डार्क फ्रेम (कॅमेऱ्याचा गोंगाट वजा करण्यासाठी झाकण लावून घेतलेल्या चौकटी) मात्र तिथेच, त्याच तापमानाला घ्याव्यात, आणि फ्लॅट फ्रेम (धुळीचे डाग काढण्यासाठी एकसारख्या उजेडाच्या पृष्ठभागाच्या घेतलेल्या चौकटी) कॅमेरा दुर्बिणीतून काढण्यापूर्वी, कारण तीच धूळ आणि तोच फोकस पुन्हा मिळत नाही.