आमची वाटचाल: बॉडी उचलल्याशिवाय चासीला हात नाही

इंग्लंडच्या लँकशरमधलं आमचं गॅरेज टीव्हीआर या ब्रिटिश कंपनीच्या ग्रिफिथ आणि किमेरा या स्पोर्ट्स गाड्यांवर उभं राहिलं. 2004 मध्ये कंपनी रशियन उद्योजक निकोलाय स्मोलेन्स्कीच्या हातात गेली, 2006 मध्ये तिचा ब्लॅकपूलचा कारखाना थांबला. लोक म्हणाले, आता यांचंही शटर खाली. उलट झालं. कारखाना गेला तरी गाड्या रस्त्यावर होत्या, आणि त्यांच्या चासी, म्हणजे बॉडीखालचे लोखंडी सांगाडे, गंजतच होत्या.

आम्हाला खरा फटका दिला तो जवळच्याच एका गॅरेजने. नाव घेत नाही. निम्म्या पैशात, बॉडी जागेवर ठेवून ते आउटरिगर, म्हणजे चासीच्या बाजूला निघालेल्या, बॉडीला आधार देणाऱ्या नळ्या, ‘नवे’ करून द्यायचे. आमची लिफ्ट रिकामी राहू लागली, वेल्डिंग करणाऱ्या भागीदाराचा पगार थकला. तरी तो गेला नाही.

त्यांची युक्ती साधी होती. नळीचा खालचा भाग कापायचा, पत्र्याची पट्टी मारायची, वरून जाड काळं अंडरसील, म्हणजे गाडीच्या पोटाला लावायचा गंजरोधक लेप, फासायचं. पण आउटरिगर सडतो वरून. फायबरची बॉडी त्याच्या अगदी जवळ बसते, मधल्या फटीत ओला चिखल अडकतो. पावडर कोटिंगचा, म्हणजे चासीवर भाजून बसवलेल्या रंगाचा, चाकाने उडवलेल्या खड्यांनी टवका उडाला की पाणी कोटिंगच्या आत शिरतं आणि वरून रंग शाबूत दिसतो. त्या बाजूला बॉडी न उचलता वेल्डिंगची टॉर्च पोचतच नाही. शिवाय सीटबेल्टचा खालचा बोल्ट तिथेच. त्या बोल्टच्या जागेपासून 30 सेंटीमीटरच्या आत चासी गंजाने खाल्लेली सापडली तर एमओटीत, म्हणजे ब्रिटनमधल्या गाड्यांच्या वार्षिक तपासणीत, गाडी नापास.

आमची पद्धत बदलली नाही. आधी बॅटरी काढायची, ईसीयूचा, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरचा, प्लगही, नाहीतर वेल्डिंगच्या करंटने ईसीयू जातो. मग कूलंट रिकामं, स्टिअरिंग कॉलमचा जोड, वायरिंग, पेट्रोल आणि ब्रेकच्या नळ्या सुट्या. बॉडीचे बोल्ट गंजून धरले असले तरी त्यांना आच दाखवायची नाही, फायबर पेट घेतं. आदल्या दिवशीच त्या बोल्टांवर तेल सोडून ठेवायचं. बॉडी वर गेली की आधी कर्ण मोजून घ्यायचे, आणि दोन्ही बाजूंचे आउटरिगर एकदम कापायचे नाहीत. चकचकीत लोखंड लागेपर्यंत मागे कापत जायचं. नवी नळी मूळ व्यासाची आणि जाडीची. टिग वेल्डिंग, त्यावर एपॉक्सी प्रायमर आणि टू-पॅक, म्हणजे दोन घटक मिसळून लावायचा, रंग. पुन्हा पावडर कोटिंग आम्ही करत नाही. नळीच्या आत गंज रोखणारं मेण, कॅव्हिटी वॅक्स, अगदी शेवटी. आधी मारलं तर वेल्डिंगच्या उष्णतेने पेटतं.

त्या दिवसांत एक निवृत्त मास्तर आपली हिरवी किमेरा घेऊन आले. शेजाऱ्यांनी ‘पक्की’ केलेली. साधा स्क्रूड्रायव्हर अंडरसीलमध्ये टोचला, तो दांड्यापर्यंत आत गेला. मास्तरांनी काम तर दिलंच, वर त्या नळीचा कापलेला तुकडा टीव्हीआरवाल्यांच्या क्लबच्या मंडळींमध्ये फिरवला. लिफ्ट पुन्हा भरली.

कुणी विचारलं नाही, तरी सांगतो: जुनी किमेरा घेताना काळ्याकुळकुळीत, नव्या दिसणाऱ्या अंडरसीलला भुलू नका. गंजलेली पण उघडी नळी परवडली. काम झालंय म्हणत असतील तर बॉडी उचललेली असतानाचे फोटो मागा.

शेजाऱ्यांचं जुनं काम अजूनही आमच्याकडे येतं. अंडरसील खरवडायचे पैसे आम्ही वेगळे लावतो.