तुम्ही विचारलंत म्हणून: पोरं वाफ्यावर टिकतात कशी?

कोल्हापुरातल्या आमच्या कॉलनीच्या ओपन स्पेसमध्ये सगळ्यांची मिळून भाजीची बाग आहे. बघायला आलेला माणूस भाजीचं राहू दे, आधी हेच विचारतो: "ही पोरं रविवारी सकाळी मोबाईल सोडून इथं येतात तरी कशी?"

खरं सांगायचं तर पहिल्या वेळी ती पळूनच गेली होती. मी अर्धा तास मातीवर भाषण ठोकलं आणि मग सगळ्यांना तण काढायला बसवलं. पुढच्या रविवारी दोघंच उगवली, त्यातला एक माझाच.

मग नवरात्र आलं. घटाभोवती पेरलेलं धान्य नऊ दिवसांत कसं तरारतं, हे पोरांनी घरीच बघितलेलं असतं. त्यामुळं पेरणं शिकवायला लागलंच नाही. दसरा झाल्यावर प्रत्येकाला दोन हात लांबीचा स्वतःचा वाफा दिला आणि मूठभर मेथी. मेथीच का? तिसऱ्या-चौथ्या दिवशी मोड वर दिसतो, महिन्याभरात भाजी होते. पोरांचा दम तेवढाच. कोथिंबीर देऊन बघितली होती, पण धणे रगडून पेरले तरी आठ-दहा दिवस हूं की चूं नाही. एका बारकीनं रोज उकरून बघितलं, तिचं काहीच आलं नाही. मी अडवलं नाही. वाफा तिचा होता. मुळासुद्धा ही मंडळी उपटून बघतात, केवढा झालाय म्हणून, आणि परत खोचून ठेवतात!

पोरांच्या हातची रोपं तहानेनं मरत नाहीत, जास्तीच्या पाण्यानं मरतात. त्यात आमची काळी माती; चिखल झाला की मुळं कुजलीच. म्हणून पाइप मोठ्यांकडं आणि पोरांकडं बुडाला भोकं पाडलेले डबे. मातीत बोट खुपसायचं, ओल लागली तर डबा खाली ठेवायचा. उसाचं पाचट आपल्या भागात हवं तेवढं मिळतं. ते वाफ्यावर अंथरलं की ओल टिकते.

पालकांचं काय करायचं, ते मात्र मला अजून जमलेलं नाही. कपडे मळले म्हणून ओरडणारे परवडले. पोराच्या वाफ्यातलं तण गुपचूप काढून जाणारे जास्त नडतात.

मेथी ज्याची त्यानं घरी न्यायची, हा एकच नियम सगळे पाळतात. सध्या भांडण मांडवावरच्या वाळलेल्या घोसाळ्यावरनं चाललंय. अंग घासायला ते चार पोरांना पाहिजे आणि वेल नेमका दोन वाफ्यांच्या मधोमध उगवलाय.