मुलगा तेरा वर्षांचा आहे

गेल्या पावसाळ्यात एका रात्री साडेअकराच्या सुमारास आमच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर राहणारी एक स्त्री आपल्या दोन मुलांना घेऊन माझ्या दारात उभी राहिली. तिच्या हातात भाजीची कापडी पिशवी होती आणि त्या पिशवीत मुलांचे जन्मदाखले, शाळेची प्रगतिपुस्तके, तिघांची आधार कार्डे आणि बँकेचे पासबुक एवढेच होते. डाव्या कानावर तिने ओढणी घट्ट दाबून धरली होती. "काकू, आजची रात्र फक्त," एवढेच ती म्हणाली. ती पिशवी तिने दीड वर्षापासून तांदळाच्या डब्यामागे भरून ठेवली होती, हे मला पुढे अनेक दिवसांनी कळले. एकाच जिन्यावरून रोज ये-जा करणाऱ्या मला दीड वर्षात काहीच कळू नये, याचे वाईट वाटते आणि ते वाटत राहणार आहे.

हे सगळे मी तिच्या परवानगीने लिहीत आहे; तिची ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९-२१ मध्ये, महाराष्ट्रातील १८ ते ४९ वयोगटातील ज्या स्त्रियांचे लग्न झालेले आहे किंवा कधीकाळी झालेले होते, त्यांपैकी २५.२ टक्के स्त्रियांनी पतीकडून हिंसा झाल्याचे सांगितले. त्याच सर्वेक्षणानुसार देशभरात हिंसा सोसलेल्या स्त्रियांपैकी ७७ टक्के स्त्रियांनी मदत तर मागितली नाहीच, शिवाय कोणाजवळ त्याचा उच्चारही केला नाही. शेजारणीच्या दारापर्यंत येणे ही केवढी मोठी गोष्ट असते, हे या आकड्यावरून लक्षात येते. म्हणूनच, अशी स्त्री उंबरठा ओलांडून बाहेर पडल्यावर पुढच्या चोवीस तासांत तिला काय मिळते, यावर बरेच काही अवलंबून असते.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही पोलीस चौकीत गेलो. तेथे एनसी, म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याची नोंद, लिहून घेतली आणि "घरगुती आहे, बसून मिटवा" असा सल्ला दिला. मग १८१ या महिला हेल्पलाइनवर फोन केला, आणि तेथून मिळालेल्या माहितीवरून आम्ही सखी वन स्टॉप सेंटर गाठले. केंद्र सरकारने ही केंद्रे १ एप्रिल २०१५ पासून निर्भया निधीतून सुरू केली. वैद्यकीय मदत, पोलिसांकडे तक्रार, कायद्याचा सल्ला, समुपदेशन आणि तात्पुरता निवारा या सगळ्यांसाठी स्त्रीला पाच ठिकाणी हिंडावे लागू नये, ही त्यामागची कल्पना आहे आणि ती मला मनापासून पटते. तेथील कार्यकर्तीने तिला आधी चहा दिला, कानाची तपासणी करून घ्यायला लावली आणि एकही प्रश्न दोनदा विचारला नाही. पाच दिवसांपर्यंत तेथे राहता येईल, असे तिने सांगितले. मग तिने मुलांची वये विचारली. मुलगी सात वर्षांची होती. मुलगा तेरा वर्षांचा आहे हे ऐकल्यावर तिने हातातला पेन खाली ठेवला आणि म्हणाली, "ताई, त्याला इथे ठेवता येणार नाही."

मुलगा दाराजवळच्या बाकावर बसून हे ऐकत होता. "मी इथे बाहेर झोपेन," तो म्हणाला, "बाक पुरेसा लांब आहे."

त्याच संध्याकाळी ती दोन्ही मुलांना घेऊन परत दुसऱ्या मजल्यावर गेली. मुलाला काही दिवस माझ्याकडे ठेव, असे मी तिला दोनदा विनवले. पण बाप वरच्याच मजल्यावर असताना मुलाला खाली ठेवून निघून जाण्याची तिची तयारी झाली नाही, आणि त्यात तिचे काही चुकले असे मला आजही वाटत नाही. माहेरी भाऊ-भावजय होते, परंतु "चार दिवस ये, पण कायमचं आमच्याच्याने होणार नाही," असे त्यांनी आधीच सांगून टाकले होते.

हा नियम त्या कार्यकर्तीचा नव्हता, हे स्पष्ट केले पाहिजे. संकटातील स्त्रियांच्या निवाऱ्यासाठी असलेल्या स्वाधारगृह योजनेत आईबरोबर राहणाऱ्या मुलग्यांसाठी वयाची मर्यादा आठ वर्षांची होती. २०२२ पासून मिशन शक्ती या केंद्र सरकारच्या महिलांसाठीच्या कार्यक्रमाखाली स्वाधार आणि (गॅसची नव्हे, तर मानवी तस्करीतून सुटलेल्या स्त्रियांसाठीची) उज्ज्वला या योजना एकत्र करून शक्ती सदन ही निवारागृहांची योजना आली, तिच्यात ती बारा वर्षांपर्यंत वाढवण्यात आली. मुलींना वयाची अशी आडकाठी नाही, फक्त त्या अविवाहित असाव्या लागतात. नियमामागचे कारण मी समजू शकते. अशा गृहांत अत्याचारातून सुटून आलेल्या तरुण मुली असतात, सामायिक खोल्या आणि सामायिक न्हाणीघरे असतात, आणि वयात येणाऱ्या मुलग्याच्या वावराने त्यांना असुरक्षित वाटले तर त्यांचे म्हणणे डावलता येत नाही. परंतु तेरा वर्षांचा मुलगा असलेली स्त्रीही मार खातेच. किंबहुना लग्नाला चौदा-पंधरा वर्षे झाल्यावर जी घर सोडते, तिच्या पदरात या वयाचे मूल असण्याचीच शक्यता अधिक. मर्यादेपलीकडच्या मुलाला बाल कल्याण समितीमार्फत बालगृहात ठेवता येते, हे उत्तर कागदावर बरोबर आहे. मात्र काल रात्री ज्याने आईच्या आणि बापाच्या मध्ये उभे राहून स्वतः दोन फटके खाल्ले, त्याला आज आईपासून वेगळे करणे म्हणजे त्याच्या धीराची शिक्षा त्यालाच देणे आहे.

आमच्या या पुणे शहराला निवाऱ्याची गोष्ट नवी नाही. १८६३ साली जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी गंज पेठेतील आपल्या राहत्या घरी बालहत्या प्रतिबंधक गृह सुरू केले. येथे येऊन गुप्तपणे व सुरक्षितपणे बाळंत व्हावे, आणि नंतर मूल बरोबर न्यावे की येथेच ठेवावे हे तिच्या खुशीवर राहील, असे त्यांनी पुण्यातील विधवांना जाहीरपणे कळवले होते. तेथेच प्रसूत झालेल्या काशीबाईंच्या मुलाला त्यांनी पुढे दत्तक घेतले, तो यशवंत. मूल न्यायचे की ठेवायचे हे आईने ठरवायचे, असे दीडशेहून अधिक वर्षांपूर्वी ज्या शहरात एका जोडप्याने स्वतःच्या हिमतीवर सांगितले, त्या शहरात आज सरकारी पाठबळ असताना आईला तसे म्हणता येत नाही, याची मला खंत वाटते. पुढे महर्षी कर्व्यांनी १८९६ मध्ये अनाथ बालिकाश्रम काढला, पंडिता रमाबाईंनी केडगावला मुक्ती मिशन उभारले, आणि अगदी अलीकडे, १९९७ पासून, वढू बुद्रुक येथे माहेर ही संस्था काम करते आहे. हे सारे खासगी पुढाकारातून झाले. त्यामुळे अशा कामाकडे परोपकार म्हणून पाहण्याची सवय आपल्याला जडली आहे, आणि निवारा हा आपला हक्क आहे असे मागणाऱ्या स्त्रीलाही वाटत नाही.

वास्तविक तो हक्क आहे. कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण अधिनियम, २००५ हा कायदा २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू झाला. त्याच्या कलम ६ प्रमाणे पीडित स्त्रीने, संरक्षण अधिकाऱ्याने (म्हणजे या कायद्याखाली तिला मदत करण्यासाठी नेमलेल्या सरकारी अधिकाऱ्याने) किंवा सेवा पुरवणाऱ्या संस्थेने विनंती केल्यास निवारागृहाच्या प्रमुखाने तिला निवारा दिलाच पाहिजे. घरगुती घटना अहवाल, म्हणजे हिंसेची या कायद्याखालची अधिकृत नोंद, भरलेला नाही, एवढ्या कारणावरून तिला परत पाठवता येत नाही, हे नियमांत वेगळे लिहिले आहे. कलम १७ तिला सामायिक घरात, म्हणजे ती पतीबरोबर राहत आली त्या घरात, राहण्याचा हक्क देते, मग घर कोणाच्याही नावावर असो. २०२० मध्ये सतीश चंदर आहुजा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सासऱ्यांच्या मालकीचे घरही यात येऊ शकते, असा निर्णय दिला. कलम १९ प्रमाणे न्यायदंडाधिकारी पतीला घराबाहेर जाण्याचा आदेश देऊ शकतात, किंवा तिच्यासाठी दुसऱ्या घराचे भाडे भरायला लावू शकतात. वकिलाचा खर्चही आड येऊ नये, कारण जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून स्त्रियांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो.

अर्ज दिल्यापासून पहिली सुनावणी साधारणपणे तीन दिवसांत व्हावी आणि त्यानंतर साठ दिवसांत निकाल लावण्याचा प्रयत्न व्हावा, असेही कायदा म्हणतो. प्रत्यक्षात किती वेळ लागतो, हे शिवाजीनगरच्या न्यायालयात बाकावर बसून तारखेची वाट पाहणाऱ्या कोणत्याही बाईला विचारावे. सखी केंद्रातले पाच दिवस आणि न्यायालयाचा आदेश यांच्यामधला जो काळ असतो, त्या काळासाठी निवारागृह हवे असते. मात्र अनुदानाचे आकडे ठरवताना नेमका हाच काळ कोणी मोजत नाही, असे मला वाटू लागले आहे.

मिशन शक्तीमध्ये सखी केंद्रे आणि १८१ यांचा खर्च पूर्णपणे केंद्र सरकार करते, तर शक्ती सदनाचा खर्च महाराष्ट्रात केंद्र आणि राज्य यांच्यात ६०:४० या प्रमाणात वाटला जातो. दोन तिजोऱ्यांतून पैसा यायचा म्हटले की एकीकडची फाइल दुसरीकडच्या मंजुरीसाठी अडते. आम्हांला मदत करणाऱ्यांपैकी एका कार्यकर्तीने, निरोप घेताना आणि तोही मी खोदून विचारल्यावर, चार महिन्यांचे मानधन थकल्याचे सांगितले. ती कंत्राटी आहे. दिवसभर दुसऱ्यांना "तुम्ही स्वतःच्या पायावर उभ्या राहू शकता" असे सांगून ती संध्याकाळी उसन्या पैशांनी पीएमपीच्या बसचे तिकीट काढते.

संरक्षण अधिकाऱ्यांची स्थितीही यापेक्षा फार वेगळी नाही. हे पद म्हणजे या कायद्याचा कणा, पण अनेक ठिकाणी ते इतर कामांच्या जोडीला अतिरिक्त कार्यभार म्हणून दिले जाते. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला राज्यांना असा आदेश द्यावा लागला की, जेथे संरक्षण अधिकारी नाहीत तेथे महिला व बाल विकास विभागातील जिल्हा आणि तालुका पातळीवरचे अधिकारी निश्चित करून सहा आठवड्यांत नेमणुका कराव्यात. कायदा लागू होऊन तेव्हा अठरा वर्षे उलटून गेली होती.

राज्याच्या महिला व बाल विकास विभागाचे आयुक्तालय पुण्यातच आहे. मी तेथे एक पत्र दिले आहे. प्रत्येक जिल्ह्यात निदान चार-पाच स्वतंत्र खोल्या, प्रत्येक खोलीला स्वतःचे न्हाणीघर आणि कडी, अशा ठेवाव्यात की जेथे आई आपल्या सर्व मुलांसह न्यायालयाचा पहिला आदेश मिळेपर्यंत राहू शकेल; जागा नसेल तर सदनिका भाड्याने घ्याव्यात, एवढीच माझी मागणी आहे. सामायिक गृहातील मुलींची सुरक्षितता त्यात कोठेही कमी होत नाही. पत्राची पोच मिळाली आहे.

ती परत वर गेल्यानंतर अडीच महिन्यांनी पुन्हा एकदा खाली आली. या वेळी मुलगा माझ्याकडे राहिला, त्याची परीक्षा त्याने माझ्याच स्वयंपाकघरातल्या टेबलावर अभ्यास करून दिली, आणि ती मुलीसह एका संस्थेच्या निवाऱ्यात सात आठवडे होती. संरक्षण अधिकाऱ्यांनी अहवाल भरून दिला. अंतरिम आदेशाने पतीला तिच्या भाड्यासाठी आणि मुलांसाठी दरमहा रक्कम द्यायला लावली आहे; पहिले दोन महिने ती आली, तिसऱ्या महिन्याची यायची आहे. आता तिघे धायरीला एका खोलीत राहतात. पुढची तारीख येत्या महिन्यात आहे. तिच्याबरोबर मी जाणार आहे, आणि त्या दिवशी मुलीला शाळेतून आणण्याचे काम आमच्या तळमजल्यावरच्या आजोबांनी आपणहून अंगावर घेतले आहे.