बॅटरीवरच्या काट्याला करंट

सांगलीच्या गणपती पेठेतल्या एका घाऊक हळद-मसाल्याच्या दुकानातून फोन आला, तो नवा कन्व्हर्टर मागवायला. काट्यावरचं वजन थेट बिलात यावं म्हणून काटा आणि संगणक यांच्यामध्ये यूएसबी-टू-सिरियल कन्व्हर्टर बसवलेला असतो. तो तिथे महिन्या-दीड महिन्याला मरत होता. फोन ठेवता ठेवता मालक म्हणाले, "आणि काट्याला करंट येतो म्हणून हमाल कटकट कराय लागलेत. काटा तर दिवसभर बॅटरीवर असतोय. त्याचं काय मनावर घेऊ नका."

काट्याच्या ६ व्होल्टच्या बॅटरीने कुणाला झिणझिण्या येत नाहीत, हे खरंच आहे. पण घामेजल्या हाताचा, अनवाणी माणूस करंट लागतो म्हणत असेल तर शक्यतो त्याचंच खरं धरावं. पायात रबरी चप्पल घालून गादीवर बसलेल्या मालकाला तो करंट कधीच कळणार नसतो. कन्व्हर्टरबरोबर बॅगेत मल्टिमीटर, होल्डर लावलेला १०० वॉटचा बल्ब आणि लांब वायरचं एक भेंडोळं टाकलं.

दुकानात पुढे ऑफिस आहे आणि मागे चार पायऱ्या वर, जोत्यावर गोडाऊन. ऑफिसात डेस्कटॉप, मॉनिटर, ६०० व्हीएचा यूपीएस आणि लेबल प्रिंटर. गोडाऊनच्या दारात ३०० किलोचा प्लॅटफॉर्म काटा, आणि त्याच्यापासून संगणकापर्यंत पट्टीत दाबलेली सिरियल केबल. रात्री केबल काढून काटा आत सरकवतात आणि तीन पिनच्या प्लगने चार्जिंगला लावतात. सकाळी तो दारात आणून केबल जोडतात. नंतर कधीतरी चार्जिंगचा प्लग निघतो, कारण पोती शिवायच्या मशीनला गोडाऊनमध्ये तेवढा एकच पॉइंट आहे. हा क्रम मी मुद्दाम दोनदा विचारून घेतला, कारण सगळं कोडं त्यातच होतं.

या दुखण्यावर आधीच बरीच डोकी चालली होती. संगणक असेंब्ली करणाऱ्या एकाने मदरबोर्डचा यूएसबी पोर्ट कमजोर ठरवून वेगळ्या अ‍ॅडॉप्टरवर चालणारा हब लावून दिला होता. दुसऱ्याचं म्हणणं, कन्व्हर्टरमधली पीएल २३०३ चिप नकली आहे. ही शंका अगदीच हवेतली नव्हती. त्या चिपचे जुने आणि नकली प्रकार नव्या विंडोजवर चालत नाहीत. डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळा त्रिकोण येतो आणि नावाच्या जागी चिप २०१२ पासून बंद झाल्याची सूचना दिसते. पण असा कन्व्हर्टर पहिल्या दिवसापासूनच रुसतो. पाच आठवडे नीट चालून एका सकाळी मरत नाही. शिवाय मेलेल्यांमध्ये सीएच ३४० चिपचेही होते. काट्याच्या मेकॅनिकने बॅटरी दाखवून हात वर केले. वायरमनने मेन बोर्डात ३० मिलिअँपची आरसीसीबी, म्हणजे तेवढा करंट जमिनीकडे गळला की वीज तोडणारा स्विच, बसवली आणि "आता शॉक बसणारच न्हाई" असं सांगून गेला.

पहिल्यांदा मेलेला कन्व्हर्टर तपासला. यूएसबीला लावल्यावर विंडोज त्याला ओळखत होतं, कॉम पोर्टही (सिरियल जोडणीला विंडोज देतं तो क्रमांक) मिळत होता. डीबी-९ या नऊ पिनांच्या कनेक्टरच्या २ आणि ३ नंबरच्या, डेटा येण्या-जाण्याच्या पिना वायरच्या तुकड्याने जोडल्या, पुटी हे सिरियल पोर्टशी बोलायचं सॉफ्टवेअर उघडून ९६०० वेग ठेवला आणि अक्षरं टाइप केली. धड असलेल्या कन्व्हर्टरमध्ये ती परत उमटतात. इथे काहीच उमटलं नाही. म्हणजे यूएसबीची बाजू जिवंत होती आणि काट्याकडची बाजू मेली होती. मार संगणकाच्या पोर्टकडून आला नव्हता, तो सिरियल केबलच्या टोकाला बसला होता. मदरबोर्ड बदलायचा विषय तिथेच संपला.

मग काटा. इंडिकेटरला, म्हणजे वजन दाखवणाऱ्या डब्याला, वैधमापन खात्याचं सील असतं, ते तोडायचं नाही. पण बाहेरून पुरेसं कळतं. मीटर कंटिन्युइटीवर (दोन टोकं आतून जोडलेली असली की बीप) ठेवून एक टोक केबलच्या ५ नंबरच्या पिनेला, म्हणजे सिरियलच्या ग्राउंडला लावलं आणि दुसरं काट्याच्या स्टीलच्या ताटाला. बीप. चार्जिंग प्लगच्या जाड पिनेपासून ताटापर्यंतही बीप. काट्याचं ग्राउंड, त्याची बॉडी आणि प्लगचं अर्थिंग एकच होते. खाली चार रबरी पाय, त्यामुळे प्लग काढला की काटा जमिनीपासून सुटा.

आता संगणक. गोडाऊनच्या सॉकेटमध्ये फेज-न्यूट्रल २३६ व्होल्ट, फेज-अर्थ २३५, न्यूट्रल-अर्थ १.४. चांगलं. ऑफिसच्या सॉकेटमध्ये, सिरियल केबल काढलेली असताना, फेज-न्यूट्रल तेच २३६. पण फेज-अर्थ १२१ आणि न्यूट्रल-अर्थ ११४. अर्थिंग शाबूत असताना असे अर्धे-अर्धे आकडे येत नाहीत. गोडाऊनच्या अर्थपासून लांब वायर आणून कॅबिनेटच्या उघड्या स्क्रूवर मीटर टेकवला: ११८ व्होल्ट.

हे व्होल्टेज येतं कुठून, यावर रिपेअरिंगवाली पोरं तासन्‌तास वाद घालतात. एसएमपीएसच्या, म्हणजे संगणकाला वीज पुरवणाऱ्या डब्याच्या, तोंडाशी गोंगाट गाळायला दोन छोटे कपॅसिटर असतात, एक फेजपासून बॉडीला आणि एक न्यूट्रलपासून बॉडीला. प्रत्येकी साधारण २.२ ते ४.७ नॅनोफॅरड. अर्थिंग असेल तर त्यांच्यातून झिरपणारा करंट मुकाट्याने जमिनीत जातो. नसेल तर दोघांच्या मधोमध अडकलेली बॉडी निम्म्या व्होल्टेजवर तरंगते. म्हणून यात एसएमपीएस खराब नसतो आणि तो बदलून काही होत नाही. फेज-न्यूट्रलची अदलाबदल करूनही होत नाही, कारण कपॅसिटर दोन्हीकडे आहेत. टेस्टरचा दिवा मात्र पेटतो, आणि बघणारा "फेज बॉडीला लागलाय" म्हणून घाबरतो.

मीटर एसी मिलिअँपवर घेऊन कॅबिनेट आणि गोडाऊनचं अर्थ यांच्यामध्ये लावला. ०.६ मिलिअँप. संगणक, मॉनिटर, यूपीएस, प्रिंटर या सगळ्यांची मिळून ही झिरप. माणसाला साधारण अर्ध्या ते एक मिलिअँपला मुंग्या जाणवू लागतात. आरसीसीबी ३० मिलिअँपची, तिला याची दखल घ्यायचं कारणच नाही. ती आपल्या जागी बरोबर होती आणि हमालही बरोबर होता.

कोडं इथे सुटलं. काट्याचा चार्जिंग प्लग निघालेला आणि केबल जोडलेली असेल, तेव्हा संगणकाचे ११८ व्होल्ट ५ नंबरच्या पिनेतून काट्याच्या ताटावर जातात. ओल्या फरशीवर अनवाणी उभा असलेला माणूस पोतं ठेवताना ताटाला टेकतो आणि त्याला झिणझिणतं. बॅटरीचा यात काही संबंध नाही; काटा नुसता संगणकाच्या बॉडीचं लांबवर गेलेलं टोक झालेला असतो.

सकाळी उलटं. रात्रीचा चार्जिंग प्लग अजून लागलेला, म्हणजे काट्याला गोडाऊनचं पक्कं अर्थिंग. संगणक आधीच चालू, त्याची बॉडी तरंगती. अशात केबल जोडायची. यूएसबीचा प्लग घालताना बाहेरचं पत्र्याचं कवच आधी टेकतं, मग वीज आणि ग्राउंडच्या लांब पिना, डेटाच्या सगळ्यांत शेवटी. तिथे ही सोय मुळातच केलेली आहे. डीबी-९ मध्ये नऊही पिना एका लांबीच्या. कवच टेकायला हवं, पण या केबलची दोन्ही टोकं प्लास्टिकची आणि आत तीनच तारा: २, ३ आणि ५. घाईत तिरपी घातली की डेटाची पिन ग्राउंडच्या आधी टेकते, आणि शिखराला १६५ व्होल्टच्या पुढे जाणारा झटका २५ व्होल्टच्या आसपासची सवय असलेल्या चिपमध्ये शिरतो. रोज असं होत नाही. ज्या दिवशी होतं त्या दिवशी कन्व्हर्टर जातो.

आणि वायरमनला काही सापडलं का नाही? तो आला तेव्हा केबल जोडलेली होती आणि काटा चार्जिंगवर. तशा स्थितीत मी ऑफिसच्या सॉकेटवर मीटर लावून पाहिला. न्यूट्रल-अर्थ जेमतेम २ व्होल्ट. अख्ख्या ऑफिसचं अर्थिंग त्या बारीक सिरियल केबलमधून गोडाऊनमार्गे जमिनीत जात होतं, आणि मीटर म्हणत होता सगळं झकास आहे. उद्या एखाद्या उपकरणात खरोखर फेज बॉडीला लागला असता, तर तो सगळा करंट त्या तारेतून आणि इंडिकेटरमधून गेला असता.

अर्थ खरंच तुटलंय का हे बल्बने बघायचं. पण इथे एक धोका आहे. अर्थ तुटलेलं असताना फेज आणि अर्थच्या मध्ये बल्ब लावला, तर फेज बल्बमधून त्या बोर्डाला जोडलेल्या प्रत्येक उपकरणाच्या बॉडीवर जातो. म्हणून आधी बोर्डावरचे सगळे प्लग काढायचे, सिरियल आणि लॅनच्या केबलीही काढायच्या, मगच बल्ब. अर्थ चांगलं असेल तर बल्बचा ०.४३ अँपिअर करंट न्यूट्रलने परत न येता जमिनीत जातो आणि आरसीसीबी तत्क्षणी पडते. इथे बल्बही पेटला नाही आणि आरसीसीबीही हलली नाही.

तार कुठे तुटली ते मालकांच्या एका वाक्याने सांगितलं. "ह्यो बोर्ड आधी खाली होता की. महापुरानंतर वर घेतला." २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णेने ५७ फूट ओलांडले, धोक्याची पातळी ४५ ची. पेठ पाण्यात होती. पाणी ओसरल्यावर सगळ्यांनाच एकदम बोर्ड वर घ्यायचे होते आणि वायरमन मोजके. पोत्यांची थप्पी बाजूला केली तर गुडघ्याएवढ्या उंचीवर जुनी पेटी सापडली, वर कोरी प्लेट ठोकलेली. आत फेज आणि न्यूट्रलला नव्या तारा जोडून वर नेल्या होत्या. हिरवी वायर नीट गुंडाळून, टेप मारून तिथेच ठेवलेली होती. २०२१ चा पूरही ती तिथेच बसून पाहून गेली. गोडाऊनचा बोर्ड मुळातच उंचावर, त्याला कुणी हात लावला नव्हता, म्हणून तिथलं अर्थिंग शाबूत.

वायरमनला बोलावून घेतलं. भला माणूस, पेटी बघून स्वतःच हसला. मेन बंद करून २० मिलिमीटरच्या पाइपातून २.५ चौरस मिलिमीटरची हिरवी तांब्याची वायर वर ओढली. जुन्या वायरचं टोक पाण्याने काळं-हिरवं पडलं होतं. नुसतं खरवडून भागत नाही, आत चकचकीत तांबं लागेपर्यंत दोन-अडीच इंच छाटावी लागली. पीळ देऊन टेप मारण्याऐवजी स्क्रूचा कनेक्टर वापरला. मेन चालू करून पुन्हा बल्ब: आरसीसीबी खटकन पडली.

अर्थिंग कितपत चांगलं आहे हे ढोबळ बघायला वायरमनने आरसीसीबीच्या आधीच्या फेजवरून तोच बल्ब अर्थला लावला. फेज-अर्थ २३५ चे २३३ झाले. २ व्होल्ट भागिले ०.४३, म्हणजे पाचेक ओहम. मेनचं व्होल्टेज स्वतःच दोन-चार व्होल्ट हलत असतं, त्यामुळे हा आकडा चार-पाचदा बघूनच धरायचा. नेमकं हवं तर अर्थ टेस्टर लागतो.

सगळं जोडल्यावर कॅबिनेट आणि गोडाऊनचं अर्थ यांच्यामध्ये ०.३ व्होल्ट. नवा कन्व्हर्टर लावला तर त्याने कॉम ७ घेतला, आणि त्यांच्या बिलिंग सॉफ्टवेअरच्या यादीत कॉम ४ पर्यंतच पोर्ट. डिव्हाइस मॅनेजरमध्ये पोर्टच्या अ‍ॅडव्हान्स्ड सेटिंगमध्ये जाऊन कॉम ३ दिला. मेलेल्या कन्व्हर्टरने तो अडवून ठेवला होता, "वापरात आहे" असं दाखवलं तरी पुढे जायचं. केबलही बदलली, पत्र्याच्या कवचाची आणि स्क्रूने आवळायची.

तिथे आलेल्या असेंब्लीवाल्या मित्राचं म्हणणं पडलं की यूएसबी आयसोलेटर, म्हणजे डेटा जाऊ देणारा पण दोन्हीकडचं ग्राउंड तोडणारा डबा, लावला असता तर भिंत उकरायची गरजच नव्हती. एडीयूएम ३१६० चिपचा आयसोलेटर १२ मेगाबिटपर्यंत चालतो, सिरियलला तो भरपूर झाला. कन्व्हर्टर वाचला असता आणि काट्याचा करंटही थांबला असता. पण कॅबिनेटवरचे ११८ व्होल्ट तसेच राहिले असते, फक्त आता कुणाची तक्रार आली नसती. म्हणून मला तो पहिला उपाय म्हणून पटत नाही. अर्थिंग झाल्यावर लावा की खुशाल.

शेजारचे दुकानदार हे सगळं बघत उभे होते. "आमचा बोर्ड बी तेव्हाच वर घेतलाय, जरा बघता का?" म्हणाले. त्यांच्या सॉकेटमध्ये फेज-अर्थ २३६, न्यूट्रल-अर्थ ०.०. कागदावर याहून सुंदर आकडे नाहीत. पण भार चालू असताना न्यूट्रलवर थोडं तरी व्होल्टेज पडतंच. प्रिंटर, फ्रिज, पंखे सुरू असताना नेमकं शून्य आलं की सॉकेट उघडून बघायचं. आत न्यूट्रलच्या आणि अर्थच्या स्क्रूमध्ये इंचभर लाल वायर टाकलेली. मागे कुठे न्यूट्रल सुटला, तर चालू उपकरणातून आलेला फेज त्या तुकड्यातून थेट फ्रिजच्या दारावर. वायरमनने तो तुकडा तिथल्या तिथे काढला. भिंतीतल्या पाइपात मात्र हिरवी वायर नव्हतीच, मेन बोर्डापासून नवी ओढावी लागणार होती. तोवर फ्रिजचा प्लग काढून ठेवायला सांगितलं. त्यांनी आतला ताकाचा गडू आधी बाहेर काढला आणि मग प्लग.