कोपऱ्यातल्या चौरसाला दोन काड्या

चौथीच्या वर्गाला परिमिती आणि क्षेत्रफळ मी एकाच आठवड्यात शिकवून टाकलं होतं. सूत्रं पाठ झाली होती, पण चाचणीत कुंपणाच्या उदाहरणाला निम्म्या मुलांनी लांबी गुणिले रुंदी केलेलं. "बाई, इथे गुणायचं की मिळवायचं?" हे ऐकलं आणि ठरवलं, सूत्रं बाजूला ठेवायची आणि सगळं पहिल्यापासून हातांनी करायचं.

पुठ्ठ्याचे सारखे चौरस कापले, त्यांच्या बाजूएवढ्या काड्याही. प्रत्येक गटाला 12 चौरस दिले आणि आयत करायला सांगितलं. एका गटाने 4 बाय 3 चा आयत मांडला. परिमिती किती? एका मुलीने कडेच्या एकेका चौरसावर बोट ठेवत मोजलं, "दहा." शेजारचा म्हणाला, "चौदा." वाद पेटला. उत्तर माझ्या ओठांवर आलं होतं, पण गप्प राहिले. मग तिनेच कडेने काड्या लावायला घेतल्या. कोपऱ्याशी आली आणि थांबली. "बाई, कोपऱ्यातल्या चौरसाला दोन काड्या लागतात!" चार कोपरे, चार जास्तीच्या काड्या. परिमिती म्हणजे चौरस मोजायचे नसतात, त्यांच्या बाहेरच्या कडा मोजायच्या असतात, हे तिला त्या क्षणी दिसलं.

लगेच वर्गाने नियम केला: कडेचे चौरस अधिक चार. 6 बाय 2 ला तो चालला, 16. पण 12 चौरसांच्या एकाच ओळीला काड्या लागल्या 26! मधल्या प्रत्येक चौरसाच्या दोन बाजू उघड्या आणि टोकाच्या दोघांच्या तीन-तीन. नियम कुठे मोडतो हे मुलांनीच शोधलं, याचा मला फार आनंद झाला.

दुसऱ्या दिवशी उलट केलं. 24 सेंटिमीटर दोऱ्याची टोकं जोडून चौकटीच्या कागदावर आयत करायचे. (लोकर घेऊ नका, ती ताणली जाते आणि मापं चुकतात.) 11 बाय 1 मध्ये 11 चौसेमी जागा, 8 बाय 4 मध्ये 32, 6 बाय 6 मध्ये 36. दोरा तोच, तरी जागा वेगळी, म्हणून मुलं पुन्हा पुन्हा मोजत होती. त्याच कागदावर झाडाचं पान ठेवून, पानाखाली अर्ध्याहून जास्त झाकलेले चौरस मोजण्याचा खेळही घेतला, तो सोपा गेला.

सगळ्यात जास्त चर्चा झाली ती कात्रीने. 8 बाय 5 च्या कागदाचा एक कोपरा 2 बाय 2 एवढा कापला. परिमितीचं काय होईल? सगळे म्हणाले, कमी होईल. मोजली तर 26 ची 26, क्षेत्रफळ मात्र 40 वरून 36. एका मुलाने कापलेल्या खाचेतून बोट फिरवलं आणि सांगितलं, "गेल्या तेवढ्याच बाजू आत नव्या आल्या."

सूत्र पुन्हा फळ्यावर आलं ते तिसऱ्या आठवड्यात. एकजण चौरस मोजून कंटाळला आणि म्हणाला, "एका ओळीत आठ, अशा पाच ओळी. मग सगळे कशाला मोजायचे?"