तुम्ही विचारलंत म्हणून: आमचा बँड का मोडला

लग्नात भेटलं की विचारतात, बडोद्याच्या दांडिया बाजारात भाजी घेताना विचारतात: "अरे, तुमचं इतकं छान चाललं होतं, मोडलं कसं?" आजवर मी नोकऱ्यांचं कारण सांगत आलो. पण नोकऱ्या नंतर लागल्या.

अकरा महिने, पाच कार्यक्रम. लीड्सच्या गँग ऑफ फोर या बँडचा १९७९ चा 'एंटरटेनमेंट!' हा अल्बम आम्हाला पाठ होता. गिटार नुसती खरवडायची, गाणं बेस गिटारनं ओढायचं, मधे जागा मोकळी सोडायची. बेस माझ्याकडे. ड्रमर गरब्यात ढोल वाजवून आलेला. लोक नाचायचे ते त्याच्यामुळे, पण हे मी तेव्हा मेलो तरी कबूल केलं नसतं.

पाचव्या कार्यक्रमाचं शेवटचं गाणं. माझी चार मात्रांची एकच ओळ फिरत होती आणि ड्रमरनं खालून एकदम हींच धरली, गरब्यातला ताल, सहा मात्रांची. समोरची पोरं गोंधळली. मला वाटलं, सम गेली. मी तारांवर तळवा दाबला, मागे वळलो आणि माइकजवळच ओरडलो, "अरे, लय सांभाळ ना!" सगळ्या हॉलनं ऐकलं. त्यानं काठ्या स्नेअरवर आडव्या ठेवल्या, एकीला एक लावून. मग झांजांचे स्क्रू सैल केले, झांजा काढून पिशवीत भरल्या. त्या त्याच्या स्वतःच्या होत्या. गिटारवाला थोडा वेळ एकटाच वाजवत राहिला.

कुणीतरी मोबाइलवर घेतलेलं ते रेकॉर्डिंग माझ्याकडे आहे. हींच सुरू झाल्यापासून मी थांबवेपर्यंत दहा मात्रा होतात. चार आणि सहा बारा मात्रांनी पुन्हा समेवर भेटतात. दोनच मात्रा राहिल्या होत्या.

पण तालमीत त्यानं हे एकदाही वाजवलं नव्हतं. स्टेजवर असं करायचं तर आधी सांगायला हवं, हे मी आजही म्हणतो. आणि ते मुद्दाम होतं की सवयीनं हात तिकडे गेला, हे रेकॉर्डिंगवरून कळत नाही. काही दिवस मला एक वाटतं, काही दिवस दुसरं.

माफी मागितली का, हेही विचाराल. दोनदा त्याच्या पोळात, म्हणजे त्याच्या गल्लीत, गेलो. दुसऱ्या वेळी वर ढोल चालू होता. वाजवणं थांबलं की हाक मारू म्हणून खाली उभा राहिलो. थांबायच्या आधीच निघून आलो.